पिशवीतलं बियाणं, पोत्यातलं बियाणं

मृग जवळ आला की पोखर्णी गावच्या काळ्या रानासाठी दोन तऱ्हेचं बियाणं जमवलं जातं. कपाशीची पिशवी दुकानातून येते, दरवर्षी नवी. सोयाबीन मात्र पुष्कळदा घरच्या पोत्यातलं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाच-सहा दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले की पेरायला हरकत नाही.

संशोधनावर घातलेला पैसा किती परत येतो, हा अवघड हिशेब या दोन पिकांत चांगला समजतो. कपाशी संकरित. तिची सरकी पुढच्या साली पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून शेतकरी पुन्हा दुकानात जातो आणि कंपनीचा खर्च वसूल होतो. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली, तिच्या नावातच हायब्रीड आहे. सोयाबीन स्वपरागित, आई तशी लेक. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस 71 हे वाण एकदा गावात आलं की शेजाऱ्याकडे, तिथून सोयऱ्यांकडे जातं. त्यातून झालेला फायदा विद्यापीठाच्या जमाखर्चात येतच नाही. माझ्या मते तो मोजायलाच हवा.

मोजणार कसा? नवं वाण यायला आठ-दहा वर्षं लागतात. दहा टक्के व्याज धरलं तर आज घातलेल्या रुपयाचे दहा वर्षांनी 2.59 रुपये व्हायला हवेत, तेव्हा कुठे बरोबरी. शिवाय वाढलेल्या उताऱ्यात वाणाचा वाटा किती, पावसाचा किती, खताचा किती? अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी 1958 साली अमेरिकेतल्या संकरित मक्याचा असा हिशेब मांडला. खासगी आणि सरकारी, दोन्ही खर्च धरले, समाजाला झालेला लाभ धरला. परतावा निघाला वर्षाला किमान 700 टक्के. पण हे यशस्वी पीक होतं, हे त्यांनीच सांगितलं. पाणी लागलेल्या बोअरचा हिशेब करताना कोरडी गेलेली बोअरंही धरावी लागतात.

आणि संशोधन झिजतं. बोंडअळी रोखणाऱ्या बीटी कपाशीला 2002 साली परवानगी मिळाली. 2017 साली मराठवाड्यात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळत होती.

दर 18 मे रोजी, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, परभणीत खरिपाचं बियाणं विकायला निघतं. तिथून सोयाबीनची एक पिशवी नेणारा त्याच बियाण्यातून पुढची दोन-तीन वर्षं पेरतो. विद्यापीठाकडे पावती एकाच पिशवीची.