समुद्रावरचे खेळघर आणि ‘आत्ता येतो’

बुऱ्हाणपूरकरांना समुद्र तसा परकाच. आपली तापी सुरतेपाशी सागराला जाऊन मिळते खरी, पण आपल्याला सागराचे दर्शन घ्यावयाचे तर भुसावळमार्गे मुंबईच गाठावी लागते. तरीही आपल्या वैद्यकबांधवांच्या सुटीच्या बेतांत पचमढी, महाबळेश्वर यांच्या जोडीला आता जहाजाची सहल डोकावू लागली आहे. २००५ साली ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबई बंदरातून सहली करू लागले तेव्हा त्याचे केवढे अप्रूप होते! पुढे २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ने मुंबई-गोवा जलप्रवास काही काळ पुन्हा जागता केला, आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ने मुंबईहून सहली सुरू केल्यावर ही हौस मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली.

अशा सहलीस निघण्यापूर्वी पालक बालरोगतज्ज्ञाकडे येतात ते बहुधा उलटीचे औषध विचारावयास. अलीकडे मात्र त्यांच्या बोलण्यात आणखी एक शंका येते. जहाजावर मुलांसाठी ‘किड्स क्लब’ असतो. तेथे मुलाला दोन-तीन तास सोपवून आम्ही भोजनास वा कार्यक्रमास गेलो, तर त्याच्याशी संपर्क कसा ठेवावा? प्रश्न वरवर फोनचा वाटतो. माझ्या मते तो फोनचा थोडा आणि पालकांच्या शब्दाचा अधिक आहे.

तरी आधी फोनचेच पाहू. किनारा मागे पडला की थोड्याच वेळात भ्रमणध्वनीवरील रेघा नाहीशा होतात. खोल समुद्रात जहाजाची उपग्रहावर चालणारी स्वतःची यंत्रणा असते. आपला फोन नकळत तिला जोडला गेला तर घरी परतल्यावर येणारे बिल रक्तदाब वाढविणारे ठरते. म्हणून फोन विमान-प्रवासाच्या स्थितीत ठेवून केवळ जहाजाचे वाय-फाय वापरणे शहाणपणाचे. १९९८ मध्ये डिस्नेचे पहिले प्रवासी जहाज निघाले, तेव्हा क्लबमध्ये मूल सोडणाऱ्या पालकांच्या हाती पेजर दिला जाई. (त्या काळी आपल्यापैकीही काहींच्या कमरेला तो असे, त्याच्या आवाजासरशी भरल्या ताटावरून उठल्याच्या कथा घरच्यांना विचाराव्यात.) पुढे काही जहाजांवर बिनतारी फोन आले आणि आता अनेक ठिकाणी जहाजाच्या ॲपवरून निरोप येतो. साधने बदलली, पण निरोपाची दिशा तीच राहिली. ही व्यवस्था क्लबच्या ताईंना पालक सापडावेत यासाठी आहे. पालकांनी दर वीस मिनिटांनी मुलाला हाक मारावी यासाठी नव्हे. तेव्हा जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी क्लबमधून आपल्याला एक चाचणीचा निरोप पाठवावयास सांगावे, आणि तो भोजनगृहात व नाट्यगृहात पोहोचतो की नाही हे पाहावे. पोहण्याच्या तलावाकाठी टॉवेलखाली गुंडाळलेला फोन संपर्काच्या कामाचा नसतो, हेही ध्यानात असू द्यावे.

बहुतेक मोठ्या जहाजांवर तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि लंगोट सुटलेल्या मुलांनाच पालकांविना ठेवून घेतात. हा नियम काहींना जाचक वाटतो, परंतु बालमनाच्या दृष्टीने तो योग्य आहे. आईपासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्यापासून दिसू लागते, दहा ते अठरा महिन्यांत ती तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ओसरू लागते. मात्र तिसरा वाढदिवस उलटला म्हणजे भीती संपली, असे नाही.

परिचयातील एका कुटुंबाची हकिगत सांगतो. त्यांचा चार वर्षांचा मुलगा क्लबमध्ये मातीची चित्रे करण्यात रंगला होता. आईचा जीव मात्र राहवेना. अर्ध्या-अर्ध्या तासाने ती काचेच्या दारातून डोकावे. तिला पाहताच मूल रडू लागे. ती निघून जाई आणि पुन्हा नव्याने विरह. तिसऱ्या खेपेस त्याने माती टाकून दिली. दुसऱ्या दिवशी तिने वेगळी रीत अवलंबिली. ‘तुझा खाऊ खाऊन झाला, की मी दारात उभी असेन,’ एवढे सांगून, आपला रुमाल त्याच्या हाती देऊन ती सरळ निघून गेली आणि खाऊच्या वेळी खरोखरच दारात उभी राहिली. पाच वर्षांखालच्या मुलास ‘एका तासाने’ या शब्दांचा अर्थ नसतो. त्याचे घड्याळ खाऊ, गोष्ट, झोप यांवर चालते. वेळ त्याच भाषेत सांगावी लागते. चोरून निघून जाणे तर कटाक्षाने टाळावे. मूल त्या क्षणी रडत नाही हे खरे, पण पुढच्या वेळी ते खेळता खेळता दाराकडे पाहत राहते.

येथे आपल्या व्यवसायाच्या इतिहासातील एक प्रकरण आठवते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत बालरुग्णांच्या आईवडिलांना भेटीची मोजकीच मुभा असे. कारण असे दिले जाई, की ते भेटून गेले की मूल रडते. न भेटल्यास ते ‘रुळते’. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या अडीच वर्षांच्या मुलीवर एक चित्रपट तयार केला. तीत आरडाओरड फारशी नव्हती. होता तो प्रयासाने आवरलेला हुंदका. मूल प्रथम आक्रोश करते, मग खचते आणि शेवटी अलिप्त होते, आणि या अलिप्ततेलाच परिचारिका व डॉक्टर ‘रुळणे’ समजत होते, हे रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी दाखवून दिले. १९५९ च्या प्लॅट समितीने भेटीवरील बंधने सैल करण्याची शिफारस केली. आज आपल्या वॉर्डात आई बाळाच्या उशाशी असते, त्यामागे एवढा इतिहास आहे.

दोन तासांचे खेळघर आणि आठ दिवसांचे रुग्णालय यांची बरोबरी करण्याचा हेतू नाही. पण एक धडा दोन्हीकडे लागू पडतो. निरोप घेताना रडणारे मूल हे दुःखीच असते असे नाही आणि शांत बसलेले मूल हे सुखीच असते असेही नाही. म्हणून परत नेताना ताईंना ‘रडला का?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणाबरोबर खेळला? काय खाल्ले? लघवीला जायचे हे स्वतःहून सांगितले का?’ असे विचारावे. कोपऱ्यात मुकाट बसून राहिल्याचे उत्तर मिळाले, तर त्या सहलीपुरता क्लबचा नाद सोडून द्यावा. पैसे भरले म्हणून मुलाला तेथे बसविण्याचे कारण नाही.

आता थोडे आपल्या घराविषयी. डॉक्टरांच्या मुलांना ‘आत्ता येतो’ हे शब्द जन्मापासून ठाऊक असतात आणि त्यांचा अर्थ ‘केव्हा येईन सांगता येत नाही’ असा होतो, हेही ती फार लवकर शिकतात. दवाखान्यात रुग्ण येतो, प्रसूती अडते, अपघात होतो. मुले ते समजून घेतात. जहाजावर मात्र यांतले काहीच नसते. तेथे दिलेली वेळ चुकली तर तिला रुग्णाचे निमित्त नसते, आणि मुलांना हा भेद नेमका कळतो. चार दिवसांच्या सहलीत आठ वेळा सांगितलेल्या वेळी दारात उभे राहिलेले आई-बाबा पाहणे, ही डॉक्टरच्या मुलासाठी नवलाची गोष्ट ठरू शकते.

नऊ-दहा वर्षांवरील मुलांचा प्रश्न निराळा. पालकांनी लेखी संमती दिल्यास अनेक जहाजांवर ती क्लबमधून स्वतःहून बाहेर पडू शकतात. त्यांच्यासाठी भेटीची एक ठरलेली जागा व वेळ, तसेच केबिनच्या आरशावर चिकटविलेली चिठ्ठी (‘मी आठव्या डेकवर आहे, सातला येतो’) ही ॲपपेक्षा अधिक भरवशाची. लहानग्यांना निदान केबिनचा क्रमांक आणि डेक पाठ असावा. एका जहाजाचे सर्व मजले मुलांना सारखेच दिसतात, मोठ्यांनाही.

संकटकाळची व्यवस्था मात्र आधीच विचारून घ्यावी. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’च्या २०१२ मधील दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले, १ जानेवारी २०१५ पासून प्रवाशांची सुरक्षा-कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. जहाजावर मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट्सही निराळी ठेवावी लागतात. भोंगा वाजल्यावर क्लबची मंडळी मुलांना एकत्र येण्याच्या ठिकाणी आणणार, की आपण क्लबकडे धावायचे, हे जहाजागणिक बदलते. गोंधळात आई एका डेकवर आणि मूल दुसऱ्यावर, असे व्हावयास नको. दमा, फिट्स वा अन्नाची ॲलर्जी असल्यास औषधाच्या मात्रेसह एक चिठ्ठी क्लबला द्यावी आणि उलटीच्या औषधाने मूल पेंगत असेल तर तेही सांगावे. जुलाब-उलट्या होत असताना क्लबमध्ये पाठवू नये, हे या स्मरणिकेच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. हात साबणानेच धुवावेत, कारण नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझर दुबळे पडते, एवढे इतर वाचकांसाठी नमूद करतो.

आणि एक तयारी अशी, जी कोणी सुचवीत नाही. ठरल्या वेळी आपण लगबगीने दारात जाऊन उभे राहतो आणि चिरंजीव मान वर न करता म्हणतात, ‘एवढ्यात कशाला आलात? अजून थोडं.’ त्यासाठी जेवणाच्या वेळेआधीची दहा-पंधरा मिनिटे हाताशी राखून ठेवावीत. दाराबाहेर बसावयास बहुधा बाक असतो.