मास्तरांचा चेंडू
नोकरी पोटासाठी, सामने शनिवार-रविवारी! उत्तर अमेरिकेतल्या इनडोअर लॅक्रॉस लीगच्या बहुतेक व्यावसायिक खेळाडूंची ही तऱ्हा. खेळ आइस हॉकीच्या रिंगणात, कृत्रिम हिरवळ अंथरून. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा. धक्काबुक्की तर विचारूच नका.

१९९३ च्या मोसमात बफेलो बँडिट्सने साखळीतले आठही सामने जिंकले. अंतिम सामन्यात मात्र फिलाडेल्फिया विंग्जने त्यांना घाम फोडला. बँडिट्स तरले ते जेमतेम एका गोलाने, १३-१२! मोसमभर एकही हार नाही.

याच संघातला जॉन टवारेस पेशाने गणिताचा शिक्षक. शाळा सांभाळून तो २०१५ पर्यंत, तब्बल २४ मोसम, बफेलोकडूनच खेळला. पुढे त्याच्याच प्रशिक्षणाखाली बँडिट्सने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन अजिंक्यपदे पटकावली.