‘ओ’ दिसणारं, पण ‘ओ’ नसलेलं रक्त

रक्तदान शिबिर कुठेही भरो, रक्ताच्या पिशवीवर गटाची चिठ्ठी लागतेच. त्यातली ‘ओ’ ही चिठ्ठी क्वचित फसवी ठरू शकते, हे जगाला कळलं ते मुंबईमुळे.

१९५२ साली वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका अनोख्या रक्ताची नोंद केली. त्यात ए नव्हतं, बी नव्हतं; पण ‘ओ’ रक्ताशीही ते जुळेना. हाच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. भारतात तो सुमारे १० हजारांत एकाचा, युरोपात सुमारे १० लाखांत एकाचा.

तांबड्या पेशीवर आधी ‘एच’ नावाचा पाया घातला जातो. ए आणि बी हे त्यावरचे मजले. ‘ओ’ गटात नुसता पाया असतो. बॉम्बे गटात पायाच नसतो, म्हणून शरीर ‘ओ’ रक्तालाही परकं मानतं.

हा पाया घालणारं विकर १९व्या गुणसूत्रावरच्या जनुकामुळे तयार होतं. या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक जरी चालती असली, तरी पुरेसं विकर बनतं. म्हणून चालतं रूप ‘प्रभावी’ आणि बंद पडलेलं ‘अप्रभावी’. प्रभावी रूप दुसऱ्याला दडपत नाही. त्याच्या कामामुळे दुसऱ्याची उणीव जाणवत नाही, एवढंच. न जाणवलेलं रूप मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहतं.

आईवडील दोघांकडेही एकेक बंद प्रत असेल, तर प्रत्येक मुलाला दोन्ही बंद प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते, आणि ती प्रत्येक वेळी नव्याने. यात दोष एकट्या आईचा कधीच नसतो. शिवाय बॉम्बे गटाच्या आईत ए जनुक लपलेलं असू शकतं. मग वडील ‘ओ’ असूनही मूल ‘ए’ निघतं. केवळ चिठ्ठ्या पाहून अशा घरावर संशय घेणं म्हणजे घोर अन्याय.

बॉम्बे गटाच्या रुग्णाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. ते शोधायचं कुठे? आधी सख्ख्या भावंडांत. दहा हजारांत एक असलेली शक्यता तिथे किमान चारांत एक होते. ज्या नियमाने हे दुर्मीळ रक्त घडवलं, तोच नियम त्याच्या दात्याचं दारही दाखवतो.