सैतानाला सूर नाही

जबलपूरला गेलेला माणूस भेडाघाटचा धुवांधार बघतो, नावेतून संगमरवरी कडे बघतो आणि पायांत त्राण उरलं तर चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढतो. राणी अल्हणदेवीचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. कलचुरी राजा गयाकर्णाची ही विधवा. मुलगा नरसिंहदेव गादीवर असताना, इ. स. ११५५ च्या भेडाघाटच्या शिलालेखात तिच्या कामाची नोंद झाली: शिवाचं देऊळ, मठ, अभ्यासासाठी शाळा, बागा, खर्चाला गावांचं उत्पन्न. माहेर-सासरच्या वंशावळीही आहेत. बाईच्या मनात काय होतं, त्याचा पत्ता नाही.

नवल असं, की त्याच सुमारास जर्मनीत ऱ्हाईनच्या काठी दुसरी एक बाई मठ उभा करत होती आणि तिच्या मनातलं जवळजवळ सगळं पत्रांतून उरलं आहे. हिल्डेगार्ड, जन्म १०९८. पुरुषांच्या मठाच्या आश्रयाला राहणं सोडून ११५० च्या आसपास ती आपल्या नन घेऊन रूपर्ट्सबर्गला आली. तिला होणारे दृष्टान्त ग्रंथात उतरवताना रिखार्डिस ही उमरावाघरची तरुण नन तिच्या सोबतीला असे. ११५१ मध्ये रिखार्डिसला दूरच्या बासुमच्या मठाचं प्रमुखपद मिळालं. तिचा भाऊ ब्रेमेनचा आर्चबिशप होता. वशिल्याचा वास हिल्डेगार्डलाही आलाच. तिने मुलीला सोडायला साफ नकार दिला. वरिष्ठांचा हुकूम मोडला, भावाला लिहिलं, थेट पोपकडे दाद मागितली. रिखार्डिस गेलीच. त्यानंतर तिला लिहिलेल्या पत्रात हिल्डेगार्ड स्वतःला तिची आई म्हणवते आणि तिथेच पोरकं झाल्याचंही रडते. साध्वीच्या लेखणीतून इतकं उघडं दुःख! पुढच्याच वर्षी, ११५२ च्या ऑक्टोबरात, रिखार्डिस वारली. तिला परत यायचं होतं, असं भावाने नंतर कळवलं.

याच काळातलं हिल्डेगार्डचं संगीतनाटक म्हणजे ‘ऑर्दो विर्तूतुम’. सद्गुणांना सोडून गेलेला एक जीव जखमी होऊन परततो, एवढीच गोष्ट. काही अभ्यासकांना त्या जिवात रिखार्डिस दिसते, मलाही दिसते. सद्गुण गातात, जीव गातो. सैतानाला मात्र हिल्डेगार्डने चालच दिली नाही, तो नुसता ओरडतो. नऊशे वर्षांपूर्वी एवढी नाट्याची जाण!

या दोघींच्या नात्यावर अमेरिकन संगीतकार सारा कर्कलंड स्नायडर यांनी ‘हिल्डेगार्ड’ हा चेंबर ऑपेरा रचला. २०२५ मध्ये तो लॉस एंजेलिस परिसरात रंगमंचावर आला. चेंबर ऑपेरा म्हणजे मोजके गायक आणि मोजकी वाद्यं. हट्ट, माया, मत्सर यांना मोठा वाद्यवृंद गिळून टाकतो. इथे ते ऐकू येतात.

आपल्याकडे कुणाला असं काही करावंसं वाटलं तर अल्हणदेवीच्या लेखापेक्षा महानुभाव पंथाचं लीळाचरित्र हाती घ्यावं. बाइसा आणि महदाइसा या चक्रधरांच्या दोन्ही शिष्या त्यात सतत बोलत असतात. शिवाय महदाइसेने रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाच्या हौसेपायी रचलेले धवळे, म्हणजे लग्नगीतं, आहेतच. गाणी तयार आहेत, आता संगीतकार हवा.