शिर्डीच्या चिल्लरीत किती दुर्मीळ नाणी असतील?

११ कोटी रुपये. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या नावावर बँकांमध्ये पडून असलेल्या नाण्यांचा हा आकडा २०२३ साली बातम्यांत आला होता. दानपेटीतली चिल्लर ठेवायला जागा उरली नाही, म्हणून काही बँकांनी आणखी नाणी घ्यायला नकार दिला होता. २०१९ मध्येही हीच अडचण आली होती. बातम्यांनी ती जागेची अडचण म्हणून सांगितली. नाणी गोळा करणाऱ्याला मात्र तीच बातमी वाचताना दुसरा प्रश्न पडतो: या ढिगात काय काय असेल?

आधी ढिगाचे वजन काढू. २०११ च्या मालिकेतला एक रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि दहाचे नाणे ७.७१ ग्रॅमचे. ११ कोटींची सगळी रक्कम एकेक रुपयात असेल तर ११ कोटी नाणी आणि ४१७ टन धातू. सगळी दहाच्या नाण्यांत असेल तर १ कोटी १० लाख नाणी आणि सुमारे ८५ टन. खरा आकडा या दोहोंच्या मधला असणार. आता समजा, एखादा प्रकार इतका विरळा आहे की दहा लाखांत एकच नाणे तसे निघते. तरीही त्या ढिगात त्याची किमान ११ आणि फार तर ११० नाणी असायला हवीत. ती तिथे आहेत, पण कुणी पाहिलेली नाहीत.

कॅनडात हा शोध एक सेंटच्या नाण्यांत चालतो. तिथे बँकेतून ५० सेंटची कागदी गुंडाळी मिळायची. लोक ती घरी आणून फोडत आणि भिंगाखाली एकेक नाणे तपासत. १९५५ च्या सेंटवर राणीच्या खांद्यावरची वस्त्राची घडी दिसते की नाही, १९६५ च्या सेंटवरचा ५ टोकदार आहे की बोथट, एवढ्या बारीक फरकावर किंमत बदलते. ४ फेब्रुवारी २०१३ पासून कॅनडाच्या टांकसाळीने सेंटचे वाटप थांबवले, त्यामुळे तिथे आता जुन्या साठ्यांवरच भिस्त आहे.

आपल्याकडे गुंडाळी नाही, पिशवी आहे. एक आणि दोन रुपयांची नाणी बँकांनी शक्यतो वजनावर घ्यावीत, आणि शंभर-शंभर नाण्यांच्या प्लॅस्टिक पिशव्या करून दिली तर अधिक सोयीचे, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. ही शंभराची पिशवी म्हणजे आपली गुंडाळी. दानपेटी काही कुणाला चाळायला मिळणार नाही, पण शिर्डी-राहात्याच्या बँकेत खातेदाराने नोटा देऊन चिल्लर मागितली, तर ती देणाऱ्यालाही हवीच असते.

पिशवी कुठली, यावर सगळे अवलंबून आहे. टांकसाळीतून आलेल्या कोऱ्या थैलीत सारी नाणी एकाच टांकसाळीची आणि बहुधा एकाच वर्षाची असतात. तिच्यात एक नाणे पाहिले की उरलेली जवळपास पाहिल्यासारखीच. बाजारपेठेच्या गावातली चिल्लर त्याच पंचक्रोशीत फिरत राहते. शिर्डीत मात्र आंध्र-तेलंगणचा, तमिळनाडूचा, गुजरातचा, दिल्लीचा भाविक आपापल्या खिशातली नाणी घेऊन येतो आणि एकाच पेटीत टाकतो. देशभरच्या नाण्यांचे इतके चांगले मिश्रण नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दुसरीकडे मिळायचे नाही.

मिश्रण ओळखायची खूण सालाच्या खाली असते. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईची टांकसाळ १८२९ ची, हैदराबादची १९०३ ची, नोएडाची १९८८ ची. या चौघींचे काम मागणीला पुरले नाही तेव्हा नाणी परदेशातही पाडून घेतली गेली. १९८५ च्या काही रुपयांवर बर्मिंगहॅमचा ‘एच’ आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मेक्सिको, स्लोव्हाकिया, दक्षिण आफ्रिका आणि मॉस्को इथल्या खुणांची नाणीही आली. १९८८ च्या स्टीलच्या चार आणे आणि आठ आण्यांपैकी काहींच्या सालाखाली तर ‘सी’ दिसतो. ही नाणी ओटावाला, त्याच कॅनडाच्या टांकसाळीत पाडलेली. त्यांना फार मोल येत नाही. पण मला विचाराल तर पिशवीतून निघावे असे पहिले नाणे हेच.

आता वेळेचा हिशेब. एका नाण्याच्या दोन्ही बाजू पाहायला ३ सेकंद धरले तर एक पिशवी ५ मिनिटांत होते. दहा हजारांत एक निघणारा प्रकार सापडण्याची शक्यता निम्मी व्हायला ६,९३१ नाणी पाहावी लागतात. म्हणजे ७० पिशव्या, ७,००० रुपये, साडेसव्वीस किलो ओझे आणि जवळपास सहा तास. शक्यता ९५ टक्क्यांवर न्यायची तर ३०० पिशव्या आणि २५ तास. दहा लाखांत एक असलेल्या प्रकारासाठी, तेही निम्म्याच शक्यतेला, ६ लाख ९३ हजार नाणी आणि ५७८ तास. रोज दोन तास बसले तरी साडेनऊ महिने जातात. प्रत्येक पिशवीत काहीतरी मिळेलच, असे सांगणाऱ्याने हा गुणाकार केलेला नसतो.

वेळ वाचवायचा एक साधा उपाय म्हणजे लोहचुंबक. १९९२ नंतरचे रुपये आणि २००५ पासूनची दोनची नाणी स्टीलची आहेत, ती चुंबकाला चिकटतात. २००४ पर्यंतची दोनची अकरा कोनांची नाणी आणि पाचची ९ ग्रॅमची जाड नाणी तांबे-निकेलची, ती खाली राहतात. जाड पाचाचे नाणे हल्ली क्वचित हाती येते. त्यात पावणेसात ग्रॅम तांबे आणि सव्वादोन ग्रॅम निकेल आहे. ती वितळवून दाढीची पाती बनवल्याच्या बातम्या येऊन गेल्या. नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा नाणे कायदा, २०११ नुसार गुन्हा आहे, तरीही धातूची किंमत दर्शनी किमतीच्या वर गेली की नाणी ढिगातून गायब होतात.

आणखी एक पाहायचे. आपले नाणे डावीकडून उजवीकडे पालटले की मागची बाजू सरळ दिसायला हवी. ती तिरकी किंवा उलटी आली तर छाप फिरलेला आहे. ही चूक साल न वाचताही कळते. तिला घेणारेही असतात.

आठ आण्यांची गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात ५० पैशांची सुमारे १,४८० कोटी नाणी चलनात आहेत. १४० कोटी लोकांत वाटली तर माणशी दहा. २०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. देशाच्या तेव्हाच्या लोकसंख्येतला जिल्ह्याचा वाटाच आजही धरला तर जिल्ह्याकडे साडेपाच कोटी आठ आणे येतात. ते दुकानात दिसत नाहीत, म्हणजे डब्यांत, देव्हाऱ्यांत, शिवणयंत्राच्या खणांत आहेत. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, आठ आणे गेलेले नाहीत. बँकेच्या पिशवीआधी घरचा डबा उघडावा, असे मी म्हणतो ते यासाठी. तिथे भांडवल लागत नाही आणि ‘सी’ खुणेचे नाणे तिथेच असण्याचा संभव अधिक.

वैष्णोदेवीचे नाणे लाखाला विकले जाते, अशा जाहिरातींना माणसे फसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. जुनी नाणी आणि नोटा विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांविरुद्ध बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर इशारा दिला होता. नाणे विकायला आधी पैसे भरावे लागत असतील, तर तिथेच थांबावे. नाणे खरोखर पारखून घ्यायचे असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, नगरहून जाऊन येण्याच्या अंतरावर. शेतात नांगरताना निजामशाही तांब्याचे नाणे वर आले, तर तो मामला निराळा. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले की १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ ला निघालेले ३०० रुपयांचे नाणे कुठल्याही पिशवीत येणार नाही, कारण ते चलनासाठी नाहीच. पाहून झालेली नाणी मात्र परत फिरवायची असतात. दुकानदाराला एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंतचीच नाणी घेणे बंधनकारक, अशी कायद्याची मर्यादा आहे, आठ आण्यांसाठी ती १० रुपयांची, म्हणजे २० नाण्यांची. बँकेत भरायला अशी मर्यादा नाही. शंभर मोजायची, पिशवीचे तोंड बांधायचे, आणि ज्या शाखेतून आणली तिथे नको, पुढच्या गावच्या शाखेत द्यायची, नाहीतर पुढच्या खेपेला तीच पिशवी पुन्हा हाती येते.