जीपला स्नॉर्कल बसविताना

वाहनदुरुस्तीच्या धंद्यात आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अलीकडे थार, गुरखा, जिप्सी अशा गाड्या डोंगरात आणि नदीनाल्यात घालण्याचा शौक वाढला आणि गॅरेजकडे एक नवे काम येऊ लागले : इंजिनची हवा घेण्याची वाट बदलून देणे. कोणी स्नॉर्कल मागतो, कोणी मूळ फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावायला सांगतो. मजुरी बरी मिळते. मात्र या कामातली कसूर गाडी ताब्यात देताना दिसत नाही. ती काही महिन्यांनी दिसते. तेव्हा गिऱ्हाईक इंजिन उतरविण्याचा खर्च भरत असतो आणि बाजारात उस्तादाचे नाव जात असते.

इंजिन किती हवा ओढते याचा हिशेब सोपा आहे. अडीच हजार सीसीचे फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना अडीच लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ३,७५० लिटर हवा. प्रत्यक्षात थोडी कमी, टर्बो असेल तर बरीच जास्त. कच्च्या रस्त्यावर या हवेत बारीक धूळ असते. ती आत गेली की रिंगा आणि सिलिंडर झिजतात, कॉम्प्रेशन उतरते, गाडी ऑइल खाऊ लागते. म्हणून एक गोष्ट शागिर्दांना पहिल्या दिवशी शिकवावी : फिल्टरच्या आधी फट राहिली तर पाणी शिरते, फिल्टरच्या नंतर फट राहिली तर धूळ शिरते. दुसरी फट जास्त वाईट, कारण ती मुकाट्याने काम करते.

जुन्या महिंद्रा जीपमध्ये तेलाचा फिल्टर असे. तो धुऊन पुन्हा वापरता येतो, पण बारीक धूळ तो कागदी फिल्टरइतकी पकडत नाही. शिवाय तेल जास्त भरले आणि गाडी चढावर फार कलली तर ते तेल इंजिनात ओढले जाते. अशा जीपला योग्य मापाचा कागदी फिल्टर बंद डब्यात बसवून दिला तर ती गिऱ्हाइकाची खरी सेवा आहे. कागदी फिल्टर कॉम्प्रेसरने झाडताना हवा आतून बाहेर आणि कमी दाबाने मारावी. रोज झाडू नये. जोराच्या हवेने कागद फाटतो.

उघडा कोन फिल्टर मात्र शक्यतो लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा ३० अंशांनी तापली की सुमारे दहा टक्के विरळ होते. म्हणजे ताकद वाढवायला केलेला खर्च ताकद कमी करू शकतो. वाढतो तो आवाज. तेल लावलेल्या कापडी फिल्टरला तेल जास्त झाले तर नव्या गाड्यांतला हवा मोजणारा सेन्सरही बिघडतो.

आता स्नॉर्कल. पाणी दाबले जात नाही. वरच्याच इंजिनचा एक सिलिंडर ६२५ सीसीचा होतो. कॉम्प्रेशन १८ ला १ असेल तर पिस्टन वर आल्यावर जेमतेम ३७ सीसी जागा उरते. कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाइतके पाणी एका सिलिंडरमध्ये गेले, तर चालत्या इंजिनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नये, तो याचसाठी.

पाइपचा आतला व्यास मूळ तोंडापेक्षा कमी नसावा. नळाचा पीव्हीसी पाइप डिंकाने चिकटवून देऊ नये, हादऱ्याने सांधे सुटतात. तार गुंफलेला, ओढीने न चपटणारा होज आणि चांगल्या क्लिपा वापराव्यात. फिल्टरच्या डब्याच्या तळाला पाणी आणि धूळ गळण्यासाठी छिद्र किंवा रबरी झडप असते. ती उघडी राहिली तर स्नॉर्कल नुसती शोभा. मडगार्डला पाडलेल्या भोकाच्या कडेला प्रायमर लावावा.

काम झाल्यावर इंजिन आयडलला ठेवून स्नॉर्कलचे तोंड फळीने झाकावे, हाताने नव्हे. इंजिन घुसमटून बंद पडले पाहिजे. चालतच राहिले तर कुठे तरी फट आहे. महिन्याभराने गाडी बोलावून फिल्टरनंतरचा पाइप आतून पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडके मळले तर सांधा पुन्हा करावा.

स्नॉर्कल लावल्याने गाडी होडी होत नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. २०२० च्या थारला कंपनीने ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिली आहे. एक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर वर नेले नाहीत तर गरम एक्सल थंड पाण्यात जाताच सीलमधून पाणी ओढतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीविरुद्ध बदल करण्यास मनाई करते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकास दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बदल करून देणाऱ्या विक्रेत्यासाठी शिक्षा याहून मोठी आहे. गुरखासारख्या गाडीला स्नॉर्कल कंपनीचाच येतो, तिथे प्रश्न नाही. इतर गाड्यांसाठी आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून यायला गिऱ्हाइकाला सांगावे. वॉरंटी जाऊ शकते हे त्याला कळवावे आणि कोणते भाग बदलले ते बिलावर लिहून त्याची सही घ्यावी. काढलेला मूळ डबा आणि पाइप त्याची अमानत आहे. तो भंगारात न टाकता परत द्यावा.