मेंदूच्या वेशीवरचा नाका

नाका म्हणजे काय हे अक्कलकुव्याच्या माणसाला सांगायला नको. गाव पडले गुजरातच्या सीमेजवळ. तसाच एक नाका आपल्या मेंदूलाही आहे.

१८८५ साली पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला. सारे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. त्याचे कारण पुढे उलगडले. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. प्राणवायू, साखर आत जाते. परके द्रव्य बहुधा बाहेरच. चुकून शिरलेच, तर ते परत ढकलणारे पंपही तिथे आहेत. एरवी हे आपल्या भल्याचेच! पण मेंदूत कर्करोग झाला की हाच पहारेकरी औषधालाही अडवतो. गाठीपाशी पहारा ढिला पडतो खरा. परंतु गाठीतून निसटून निरोगी भागात शिरलेल्या पेशी त्याच्या आड सुखरूप राहतात.

ग्लायोब्लास्टोमा हा यातला फार उग्र प्रकार. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइड, असा जोडउपचार करतात. हे औषध नाका बरेचसे ओलांडते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निम्मे रुग्ण जितका काळ जगले, तो या जोडीमुळे १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. वाढ थोडीच; कारण औषधाने केलेली मोडतोड रोगट पेशी दुरुस्त करून घेते. मग दुरुस्ती रोखणारे दुसरे औषध हवे, आणि दोन्ही एकाच वेळी पोचायला हवीत. वेगवेगळी दिली तर एक आधी विरते.

म्हणून शास्त्रज्ञ दोन्ही औषधे एकाच अतिसूक्ष्म कणात भरतात. गुरुजींनी वर्गात सांगावे: केसाची जाडी हजार भागांत चिरली, तर त्यातला एक भाग म्हणजे असा कण. मेंदूला लोह लागते. म्हणून लोह वाहणारे प्रथिन कणावर चिकटवायचे. ओळखीचा माल समजून पहारेकरी आत सोडतो!

मात्र मेंदूच्या कर्करोगासाठी असे जोडकण अजून रोजच्या उपचारात आलेले नाहीत, प्रयोग चालू आहेत. तेव्हा ‘नॅनो’ म्हणून कुणी बाटली विकू लागला, तर पैसे देऊ नका.

पहाटे डोके ठणकून उलटी होणे, मोठेपणी पहिल्यांदाच फेफरे येणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांत बाहेरची बाधा शोधत महिने घालवू नका. आधी अक्कलकुव्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा. पुढे मुंबईला परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी निघण्यापूर्वी करा. शिधापत्रिका बरोबर ठेवा.